सर्व संबंधितांना कळविण्यात येते की

विद्यापीठाच्या ग्रंथालयात सगळ्यात जोमाने निर्माण होणारा साहित्यप्रकार कोणता, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन, सूचना. कथा-कादंबऱ्या कपाटात वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या असतात. सूचना मात्र रोज नवी निघते. तिला लेखक नसतो, ती 'आदेशावरून' निघते. तिच्यात कुणी काही करत नाही, सगळं 'करण्यात येतं'. ग्रंथालय बंद ठेवण्यात येतं, दंड आकारण्यात येतो, गैरसोय आपली आपण होते आणि तिच्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येते. आणि हे सगळं कळवायचं कुणाला? तर 'सर्व संबंधितांना'.

हे सर्व संबंधित कोण, याची मी चौकशी केली आहे. विद्यार्थी म्हणतात, प्राध्यापकांसाठी असेल. प्राध्यापक म्हणतात, विद्यार्थ्यांसाठी असेल. सूचना डिंकाने चिकटवणाऱ्या मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "ती वाचायला नसते सर, लावायला असते."

सूचनाफलकाला काचेची दारं असतात, दारांना कुलूप असतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात. त्यामुळे ताज्या सूचना काचेवर बाहेरून चिकटतात आणि आतल्या सूचनांना बाहेरच्या जगाचा वारा लागत नाही. एका विद्यापीठात (नाव कशाला सांगू, ज्याला त्याला आपलंच वाटणार) काचेच्या आत अजूनही 'दोन वाचकांमध्ये सहा फुटांचे अंतर राखावे' असं २०२० सालचं फर्मान आहे. त्याच्यासमोरच्या वाचनकक्षात एमपीएससीची मुलं एकेका बाकावर अशी बसलेली असतात की एकाने पान उलटलं तर शेजाऱ्याचं उत्तर बदलावं. जागा सकाळी सहालाच धरलेल्या असतात, बहुतेक पाण्याच्या बाटल्यांनी. या मुलांना ग्रंथालयाकडून दिवा, पंखा, थंड पाणी आणि शांतता एवढंच हवं असतं. पुस्तकं ती घरून आणतात. आणि भिंतीवर सूचना असते, 'स्वतःची पुस्तके आत आणू नयेत'. ती पाळली तर वाचनकक्ष रिकामा पडेल, म्हणून ती लावलेली राहते आणि मुलंही बसलेली राहतात.

दर्शनी भागात डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांची तसबीर असते. हा माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल केलं, तेव्हा त्या ओस ग्रंथालयात दिवसभर बसून राहणं त्यांच्या जिवावर इतकं आलं की, मला परत शिकवायला पाठवा, असं त्यांनी वरिष्ठांना विनवलं. पुढे इंग्लंडला जाऊन हे शास्त्र शिकून आल्यावर मात्र ते असे रमले की देशभरच्या ग्रंथपालांचे गुरू झाले. १९३१ साली त्यांनी पाच सूत्रं मांडली. ग्रंथ वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. ही सूत्रं चौकटीत घालून तसबिरीखाली टांगलेली असतात आणि त्याखाली ए-फोर कागदावर 'देवघेव वेळ : ११ ते १ व २.३० ते ४.३०. संदर्भग्रंथासाठी विहित नमुन्यात अर्ज करावा' असतं. रंगनाथनांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी 'वाचकाभिमुख ग्रंथालय' अशा काहीतरी विषयावर व्याख्यान असतं आणि व्याख्यानाला श्रोते हवेत म्हणून देवघेव बंद ठेवण्यात येते.

बंदच्या सूचनांमध्ये माझी सगळ्यात आवडती म्हणजे साठा पडताळणीची. 'वार्षिक पडताळणीमुळे पुस्तके दिली जाणार नाहीत' असं वाचून नवख्याला वाटतं, एकेक पुस्तक मोजत असतील बिचारे. पण केंद्र सरकारचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम पाहिले तर त्यात मोठी माणुसकी आढळते. पन्नास हजारांहून अधिक ग्रंथ असले तर नमुना पडताळणी पुरते. आणि वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच हरवले, तर ते रास्त समजावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. म्हणजे पुस्तक आपल्या मनाने गेलेलं असावं. किंमत हजार रुपयांच्या वर असेल किंवा ग्रंथ दुर्मीळ असेल, तर चौकशी अटळ. मराठी कवितासंग्रहांच्या किमती पाहता ते निर्धास्त जाऊ शकतात. पण ते जात नाहीत, हा आपल्या वाङ्मयीन परिस्थितीवरचा सगळ्यात कठोर अभिप्राय म्हणायला हवा.

पुस्तक गेलं की आहे हे कळण्यासाठी आता ओपॅक असतो, म्हणजे संगणकावरची ग्रंथसूची. पूर्वी लाकडी खणांत कार्डं असायची आणि एखादं कार्ड कुणीतरी खिशात घालून नेलेलं असायचं. आता तसं करता येत नाही. आता कार्ड राहतं आणि पुस्तक सापडत नाही. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी २००० सालाच्या सुमारास जन्मलेली 'कोहा' ही मोफत प्रणाली आपल्या तालुक्याच्या कॉलेजांपर्यंत पोचली आहे, आणि ती चांगली आहे. अडचण प्रणालीत नसून 'ज्ञानेश्वरी'त आहे. नोंदी करताना कुणी ती रोमन लिपीत डी-एन-वायने सुरू केली, कुणी जे-एनने, उत्तरेत शिकून आलेल्या कुणी जी-वायने. आणि एका कर्तव्यदक्ष माणसाने आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि खुणा दिल्या. त्यामुळे एकाच कपाटातल्या प्रती संगणकात एकमेकींना ओळख देत नाहीत. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टंकलेल्या नोंदींची तर तऱ्हाच वेगळी. नव्या प्रणालीत त्या कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हांच्या ओळी होऊन बसल्या आहेत. एका शोधात मला अशी ओळ दिसली, शेजारी 'उपलब्ध' असं हिरव्या अक्षरांत. काहीतरी उपलब्ध होतं खरं. मामांना दाखवलं, तर ओळीकडे न बघता त्यांनी शेवटचा आकडा तेवढा वाचला, ८९१.४६. "मराठी साहित्य. दुसरा मजला, खिडकीकडची रांग." ड्युईसाहेबांनी १८७६ साली काढलेली दशांश पद्धत अजून कशी टिकून आहे, याचं उत्तर मला त्या क्षणी मिळालं. आकड्यांना फॉन्ट बाधत नाही.

आता सगळं ऑनलाइन झाल्यामुळे सूचनाही संकेतस्थळावर गेल्या आहेत. तिथे त्या उजवीकडून डावीकडे सरकतात आणि नेमका आपल्याला हवा तो शब्द येईपर्यंत संपतात. काहींच्या शेजारी लाल 'न्यू' लुकलुकत असतं. ते एकदा लावलं की काढायची तरतूद बहुधा नसावी, कारण २०१९ मधली कार्यशाळाही अजून लुकलुकते आहे. सूचनेवर टिचकी मारली की पीडीएफ उघडते, आणि तिच्यात असतो कागदाचा फोटो. आधी संगणकावर टंकलेली, मग छापलेली, सही-शिक्का झालेली, जावक क्रमांक पडलेली आणि शेवटी किंचित तिरकी स्कॅन केलेली. कोपऱ्यात ती धरणाऱ्या अंगठ्याचं दर्शन घडतं. ज्या संस्थेत मुलांना 'माहिती शोधण्यायोग्य कशी ठेवावी' हे शिकवतात, तिथली माहिती कोणत्याही शोधयंत्राला सापडू नये अशी चोख व्यवस्था केलेली असते.

अशाच एका तिरक्या कागदावर मी 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेबद्दल वाचलं. एरवी ज्या बातमीवर ढोल-ताशे वाजायला हवेत अशी ही बातमी. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ती मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं. ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक. ज्या लेखाचं एकेक पान बघायला परदेशातल्या मित्राची मनधरणी करावी लागायची, तो आता गडचिरोलीतल्या विद्यापीठातही उघडतो. मला खरंच आनंद झाला. आणि मग मी सूचनेचा उरलेला भाग वाचला. 'घरबसल्या वापर करू इच्छिणाऱ्यांनी ग्रंथालयात प्रत्यक्ष उपस्थित राहून अर्ज सादर करावा.'

अर्जाचा नमुना संकेतस्थळावर असतो, तो छापून आणायचा. त्यावर विभागप्रमुखांची सही, ओळखपत्राची झेरॉक्स, फोटो. ऑनलाइन वाचनासाठी फोटो का लागतो, असं एका मुलीने काउंटरवर विचारलं. तिथले भाऊसाहेब म्हणाले, "अर्जात चौकोन आहे ना ताई, मग काहीतरी चिकटवायला नको?" उत्तर बिनतोड होतं. पुढे काही दिवसांनी संकेतशब्द मेलने येतो आणि जाहिरातींच्या ढिगात जाऊन पडतो. तो सापडला की प्रकाशकाच्या पानावर जाऊन देशभरच्या संस्थांच्या यादीतून आपलं विद्यापीठ निवडायचं. आपल्या विद्यापीठांना आपण थोरामोठ्यांची नावं दिली आहेत, आदराने आणि पूर्ण दिली आहेत. त्यामुळे सोलापूरकराने 'सोलापूर'पाशी शोधायचं, की 'अहिल्यादेवी'पाशी, की 'पुण्यश्लोक'पाशी? संभाजीनगरच्या माणसाने 'मराठवाडा' पाहावं तर मराठवाड्यात नांदेडचंही विद्यापीठ आहे, आणि 'डॉ.'पाशी पाहावं तर भारतभरचे डॉक्टर तिथे रांगेत उभे. हे सगळं पार करून आत पोचलेला विद्यार्थी लेख उघडतो, तो इंग्रजीत असतो, चाळीस पानांचा असतो, आणि मग विद्यार्थी तो 'डाउनलोड' करतो. हे अखेरचं पाऊल. वाचन त्यानंतर कधीतरी व्हायचं असतं.

एम. ए. मराठीच्या मुलांचं काय, हा प्रश्न त्या १३,००० नियतकालिकांना विचारू नये. आंतरराष्ट्रीय प्रकाशकांनी भौतिकशास्त्र आणि व्यवस्थापन ही क्षेत्रं कसून नांगरली आहेत; मराठी दलित आत्मकथनावर तिथे क्वचित एखादा लेख मिळतो, आणि तो लिहिणाराही बहुधा परदेशात. मराठीच्या मुलाला उपयोगी पडणारा ऑनलाइन माल भलतीकडेच आणि फुकट पडलेला आहे. विश्वकोशाचे खंड जालावर आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून अशीच उतरवून घेता येतात, ना अर्ज ना फोटो. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या जुन्या ग्रंथांचं भांडार 'ग्रंथ संजीवनी' या नावाने जालावर खुलं केलं आहे. पण यांच्याबद्दलची सूचना मी कुठल्याही फलकावर पाहिलेली नाही. ज्याला पैसे पडले नाहीत त्याचं बिल नसतं. बिल नाही म्हणून फाइल नाही. आणि फाइल नाही तर सूचना कशी निघणार?

ग्रंथालयाच्या ऑनलाइन गोष्टींपैकी एक मात्र न सांगता तुफान लोकप्रिय झाली, ती म्हणजे 'शोधगंगा'. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रात देशभरातले पीएच.डी.चे लाखो प्रबंध ठेवले आहेत आणि ते कुणालाही पाहता येतात. पूर्वी प्रबंध बांधून, सोनेरी अक्षरं दाबून, कुलूपबंद कपाटात जात असे आणि लेखक व परीक्षक दोघंही निर्धास्त होत. आता प्रत्येक नवा विद्यार्थी शोधगंगेत पहिली डुबकी मारतो ती आपल्या विषयासाठी नव्हे, तर आपल्या मार्गदर्शकांच्या प्रबंधासाठी. दुसरी विभागप्रमुखांच्या. तिथे सगळ्यात मन लावून वाचलं जाणारं प्रकरण म्हणजे ऋणनिर्देश; कुणी कुणाचे आभार मानले आणि कुणाचे मानले नाहीत, यावरून विद्यापीठाचा खरा इतिहास लिहिता येईल.

याच गंगेच्या काठी वाङ्मयचौर्य तपासणी बसली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य दहा टक्क्यांपर्यंत असलं तर दंड नाही. दहा ते चाळीस असलं तर सुधारून पुन्हा सादर करा. चाळीस ते साठ असलं तर वर्षभर थांबा. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. तपासून देण्याचं काम ग्रंथालयाकडे. त्यामुळे संशोधक आता एकमेकांना निष्कर्ष विचारत नाहीत, मधुमेह्यांसारखा आकडा विचारतात. "तुझा किती आला?" "चौदा." "मग संदर्भसूची वगळून करून बघ, नऊवर येईल." आकडा उतरवण्यासाठी समानार्थी शब्दांचा जो सपाटा लागतो त्याने मराठी समृद्ध झाली आहे असं मला वाटू लागलं होतं, पण एका प्रबंधात 'ग्रामीण जीवनातील दाहक वास्तव' याचं 'खेडवळ आयुष्यातील भाजणारी वस्तुस्थिती' झालेलं पाहिलं आणि मी तो विचार सोडला.

मग सूचनांचा खरा वाचक कोण? मामा म्हणाले ते बरोबर असलं तरी ते अर्धंच होतं. ती लावायची कुणासाठी, हे मला नॅकची नियमावली चाळताना कळलं. १९९४ साली स्थापन झालेली बंगळूरुची ही संस्था विद्यापीठांचं आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करते. तिच्या चौथ्या निकषात ग्रंथालयाला स्वतंत्र जागा आहे. ग्रंथालयाचं संगणकीकरण, ई-साधनांची वर्गणी, खर्च, आणि रोज किती जण आले किंवा लॉगिन झाले याचा पुरावा, असं सगळं त्यात मागितलेलं असतं. एकदा हे कळलं की ग्रंथालयातल्या सगळ्या कोड्यांचा उलगडा होतो. सूचना तिरकी का होईना पण शिक्क्यासह का स्कॅन करतात? 'न्यू' का काढत नाहीत? नुसतं पाणी प्यायला आलेल्याचीही दारातल्या नोंदवहीत सही का घेतात? सर्व संबंधित म्हणजे पाच वर्षांनी येणारी ती समिती. तिच्यासाठी हे सगळं लिहिलं जातं, आणि आपण मधल्या काळात तिच्या नावावर आलेलं पत्र फोडून वाचत असतो.

म्हणूनच 'ई-संसाधने जाणीवजागृती कार्यशाळा' भरते. एकीला मी हजर होतो. श्रोते कमी पडले म्हणून वाचनकक्षातून एमपीएससीची काही मुलं उचलून आणली. चहा आणि समोसा मिळेल असं कळल्यावर त्यांनी फारसा विरोध केला नाही. तज्ज्ञ बाई खरोखर हुशार होत्या, विषय त्यांना मनापासून आवडत होता. पण नेट गेलं. त्यांनी अनुभवी माणसाप्रमाणे लॉगिन पानांची चित्रं स्लाइडवर आणलीच होती. "इथं क्लिक केलं की लेख उघडतो," असं म्हणत त्या पुढच्या स्लाइडवर गेल्या आणि लेख उघडला. मग अक्षांश-रेखांशासह, म्हणजे जिओटॅग, फोटो निघाला. पहिल्या फोटोत मागच्या रांगा रिकाम्या दिसल्या, म्हणून सगळ्यांना पुढे सरकवून दुसरा निघाला. क्यूआर कोडवर अभिप्राय भरला की प्रमाणपत्र मेलवर. नेट नसल्यामुळे अभिप्राय नंतर घरून भरायचे ठरले, आणि ते सगळे 'अतिउत्तम' आले.

ग्रंथालयातल्या माणसांची मी चेष्टा करतो असं वाटेल, पण ती माणसं वाईट नाहीत. ती कमी आहेत. निवृत्त झालेल्याची जागा भरत नाहीत आणि त्याचं टेबल मात्र तसंच राहतं. एकच मॅडम सकाळी नियतकालिकं बघतात, दुपारी साम्याचे अहवाल काढतात आणि मधल्या वेळात ६,००० कोटींच्या योजनेचे संकेतशब्द वाटतात. पुस्तक हजार रुपयांच्या वरचं गेलं तर चौकशी. वर्गणी संपली आणि ३१ डिसेंबरच्या रात्री एका फटक्यात दीडशे नियतकालिकं पडद्यावरून नाहीशी झाली, तर कुणाचीच चौकशी नाही. एक सूचना मात्र निघते, तांत्रिक कारणास्तव.

शेवटी प्रत्येकाला या काउंटरवर यावंच लागतं, ते ना-देय प्रमाणपत्रासाठी. पाच वर्षांत एकही पुस्तक न नेलेल्यालाही, आपण काही नेलं नाही हे सिद्ध केल्याशिवाय पदवी मिळत नाही. आता हेही ऑनलाइन झालं आहे, म्हणजे संगणकावर भरून, छापून, शिक्का मारायला आणायचं. परवा तिथे उभा होतो. माझ्या पुढच्या मुलाच्या अर्जात नवी ओळ आली होती, 'ई-संसाधनांचा वापर केला / केला नाही'. मुलगा प्रामाणिक निघाला, त्याने 'केला नाही'वर खूण केली होती.

भाऊसाहेबांनी अर्ज पाहिला, पुन्हा त्याच्या हातात दिला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाळा, 'केला'वर कर. 'केला नाही'ला शिक्का बसत नाही."